कापलेल्यांचा मांडव

सानपाड्याच्या त्या घराची बेल मी पहिल्यांदा वाजवली, तेव्हा दार उघडून घरमालकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मागं जा."

खोली द्यायची नाही, हे सांगायची इकडची पद्धत असेल असं समजून मी सुटकेस उचलली आणि लिफ्टकडे वळले. मी साताऱ्याची. अपमान झाला की आम्ही आधी निघतो, विचार नंतर करतो.

"तिकडं कुठं? फक्त तीन पावलं मागं. आनि परत ये. एन्ट्री बरोबर नाय झाली, तोंडावर अंधार होता." त्यांनी पॅसेजमधला दिवा लावला आणि पुन्हा दारात उभे राहिले. मी तीन पावलं मागे गेले आणि परत आले. का गेले, ते मला अजून सांगता येत नाही.

आतून घरमालकीण काकींचा आवाज आला, "घ्या तिला आत! ती काय नवरी हाय?"

पुढची तीन वर्षं मी त्या घरात पेइंग गेस्ट म्हणून राहिले आणि रोज संध्याकाळी एन्ट्री नीट घ्यायला शिकले. काकांनी तीस वर्षं लग्नांचं शूटिंग केलं होतं. खाडीकाठच्या गावांत त्यांच्या कॅमेऱ्याशिवाय एकही हळद लागत नसे, असं ते स्वतः सांगत. 'एकही'च्या जागी 'बऱ्याच' धरलं तरी पुष्कळ होतं. इतकी वर्षं कॅमेऱ्याला उजवा डोळा लावून डावा मिटलेला, त्यामुळे आता कॅमेरा नसतानाही डावा मिटलेलाच असे. भाजीवाल्याशी बोलताना, देवाला नमस्कार करताना, झोपेतून उठल्यावरसुद्धा काही वेळ. सोसायटीतल्या नव्या बायकांचा यावरून गैरसमज होई आणि काकींना जाऊन तो दूर करावा लागे.

त्यांचं एक अनेक खिशांचं जॅकेट होतं. मूळचा रंग खाकी असावा. पण तीस वर्षांच्या हळदी त्याच्यावर लागल्या होत्या आणि काका ते धुऊ देत नसत. "ह्याच्यावर किती नवऱ्या हायेत, तुला म्हाईत हाय?" असं ते काकींना विचारत. बाहेरच्या माणसासमोर विचारायला नको ते, पण विचारत. जेवताना कुणी वर बघितलं तर लगेच म्हणत, "कॅमेऱ्याकडं बघू नका, जेवा." हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्या पंगतींना ऐकवलं होतं की कॅमेरा गेला तरी वाक्य राहिलं.

एकदा सोसायटीने विश्वासाने त्यांच्याकडे सीसीटीव्ही सोपवला. काकांनी वर्षभर लिफ्टमधलं चित्रण साठवलं, त्याला सनई लावली आणि सोसायटीच्या सत्यनारायणाला प्रसादानंतर मोठ्या पडद्यावर दाखवलं. लिफ्टच्या आरशात माणसं काय काय करतात, ते त्या दिवशी पाच मजल्यांनी एकत्र बसून पाहिलं. कुणी दात तपासत होतं, कुणी पोट आत घेऊन बघत होतं. सेक्रेटरी एकटेच नाचत होते, आणि वाईट नाचत नव्हते. शिरा तसाच हातात राहिला. दुसऱ्या दिवशी सीसीटीव्ही काढून घेण्यात आला. काकांना राग एवढाच होता की कुणी सनईबद्दल चांगला शब्द काढला नाही.

काकी उरणजवळच्या मोरा गावच्या. तिथे त्यांचे दोन भाऊ, दोघांच्याही होड्या, दोघांची घरं चार दारं सोडून, आणि दोघांत अकरा वर्षं बोलणं नाही. काकींना त्यामुळे भाऊबीज दोनदा करावी लागे. सकाळी मोठ्या दादाकडे ओवाळायचं, जेवायचं, मग धाकट्याकडे पुन्हा ओवाळायचं, पुन्हा जेवायचं. मोठा विचारणार, "त्यानं काय ठेवलंय?" कोलंबी, म्हटलं की हा पापलेट वाढणार. तिकडे पापलेटाची बातमी आधीच पोचलेली असल्यामुळे धाकटा खेकडे काढणार. काकी परत यायच्या त्या लिंबूपाणी मागतच. पण एका वर्षी त्या लिंबूपाणी न मागता नुसत्याच बसल्या आणि म्हणाल्या, "आई असती तर कान धरून दोघांना एका पाटावर बसवला असता. मना नाय जमत गो." त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं. काका तेव्हा बाल्कनीत गेले आणि बराच वेळ कपड्यांचे चिमटे मोजत बसले. मला वाटलं, पुरुषांना बायकांचं रडणं बघवत नाही, त्यातला प्रकार असेल.

मी मुंबईत एका आर्ट गॅलरीत नोकरी करत होते. "तू तिथं काय करतंस?" असं काका विचारत आणि मी म्हणे, "सकाळी प्रोजेक्टर चालू करते, संध्याकाळी बंद करते." माझं पद नावाला जरा मोठं होतं, पण काम हेच. चित्रकार आता कॅनव्हास सोडून फिल्म आणि व्हिडिओ घेऊन काय काय करतात, हे मी एकदा जेवताना समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी काका जॅकेट घालून गॅलरीत हजर.

पहिल्या खोलीत भिंतभर पडद्यावर एक बाई चहाचा एक कप पीत होती. तो कप संपायला चाळीस मिनिटं लागत. आमच्याकडे येणारे जाणकार लोक तिथे दोन मिनिटं थांबत, मान हलवत आणि पुढे जात. काका पूर्ण चाळीस मिनिटं उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चहा निवला तिचा. बाकी काम चांगलं हाय. आमी वरमाला अशी करायचो. हार नवऱ्याच्या गल्यात पडेपर्यंत लोकं जेवून यायची."

दुसऱ्या खोलीत मात्र त्यांचा डावा डोळा उघडला. एका कलावंताने भंगारात मिळालेली कुणाची तरी घरगुती फिल्म घेऊन, सुईने एकेका चौकटीतला एका माणसाचा चेहरा खरवडून काढला होता. सगळे हसत होते, केक कापत होते आणि मधोमध एक पांढरी खरवड वळवळत होती.

"ह्याला का काढलाय?" काकांनी विचारलं.

मी माहितीपत्रकातलं सांगितलं. स्मृती, अनुपस्थिती वगैरे.

"ते ऱ्हाऊ दे. कोनाच्या सांगन्यावरनं काढलाय?"

माहितीपत्रकात ते नव्हतं. मी तसं सांगितलं, तर म्हणाले, "मग हे अर्धंच काम. मी दाखवतो तुला पुरं."

घरी आल्यावर त्यांनी मला माझ्या दिवाणावरून उठवलं, गादी उचलली आणि खालचा कप्पा उघडला. आत कॅसेट, सीडी, पेन ड्राइव्ह, काठोकाठ. लग्नाची कॅसेट (पुढे सीडी आणि पेन ड्राइव्ह आले तरी म्हणायचं कॅसेटच) तयार होईपर्यंत दोन-तीन महिने जात, आणि तेवढ्यात कुठे ना कुठे बिनसलेलं असे. मग माणसं काकांकडे येत आणि सांगत, अमक्याला काढा. आत्याला काढा, साडी परत केली. मेहुण्याला काढा, मांडवात मोठ्याने बोलला. काका काढत. पण कापलेला तुकडा त्यांनी कधी टाकला नाही. "मानूस हाय तो. कचऱ्यात कसा टाकनार?" प्रत्येक तुकड्यावर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी होती, कोण, कुणाच्या सांगण्यावरून आणि का. 'नवऱ्याचे काका. नवरीच्या आईच्या सांगण्यावरून. पुढची खुर्ची.' 'मावशी. दुसऱ्या मावशीच्या सांगण्यावरून. तीच साडी.' दीड वर्ष मी रागावलेल्या नातेवाइकांच्या अंगावर झोपत होते आणि मला पाठदुखीचं कारण कळत नव्हतं.

मी आमच्या मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणजे गॅलरीच्या मालकीण. त्यांच्या कानातलं एकेक झुमकं आमच्या घरच्या चहाच्या किटलीएवढं होतं, आणि त्या खूश झाल्या की ती दोन्ही एकदम हलायची. चिठ्ठ्या वाचून किटल्या अशा हलल्या की मी मागे सरकले. प्रदर्शन करायचंच, ठरलं.

काकांची अट एकच होती. "माज्या दोन्ही मेव्हन्यांना आमंत्रन. एकाच वेळेला. आनि दुसरा येतोय, ते दोघांनाबी सांगायचं नाय."

का, ते मला चिठ्ठ्यांची यादी करताना कळलं. सगळ्या तुकड्यांवर तिन्ही गोष्टी लिहिलेल्या. एका पेन ड्राइव्हवर मात्र दोनच शब्द होते, 'चूक माझी.'

मी विचारलं. काकांनी आधी स्वयंपाकघराचं दार लोटलं. मग सांगितलं. धाकट्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं. हळदीला नवऱ्या मुलाच्या मामाला मटणातली नळी मिळाली नाही. त्यावरून त्याने जो तमाशा सुरू केला तो लग्न लागेपर्यंत थांबेना. मांडव मोडायची पाळी आली, तेव्हा मोठ्या दादाने त्या मामाला आपल्या अंगावर घेतलं. दोन दिवस त्याच्या खांद्यावरचा हात काढला नाही. त्याला भरवलं, त्याच्याबरोबर नाचला, त्याची समजूत घालत घालत लग्न पार पाडलं. नंतर धाकट्याचा काकांना फोन आला, मामाला काढा, त्याचं तोंड बघायचं नाही. सीझनचे दिवस, चार लग्नं अंगावर. काकांनी मामा दिसेल तिथे कापला.

"एडिटिंगला बसलो ना, की मना फक्त काढायचा मानूस दिसतो. त्याच्या बाजूला कोन हाय, ते नाय दिसत."

आणि बाजूला कायम मोठा दादा होता. मामाबरोबर तोही गेला, मुळापासून. कॅसेट बघायला सगळं घर जमलं, तेव्हा मोठा दादा नवा शर्ट घालून पुढे बसला होता. तीन तास तो स्वतःला शोधत राहिला. शेवटी आभाळातून नवरा-नवरी हात हलवतात, तेही झालं. तो उठला, चप्पल घातली आणि गेला. त्याला वाटलं, भावाने कापायला लावलं. धाकट्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं, त्याला वाटलं, दादा रुसलाय, उगाच. विचारलं कुणीच कुणाला नाही. खरं काय ते एकट्या काकांना कॅसेट बघतानाच कळलं होतं, आणि ते अकरा वर्षं गप्प बसले होते.

"बायकोचं माहेर दोन तुकडं केलं मी," ते म्हणाले. "तिला कल्लं तर ती मना ठेवील का?"

मला त्यांचा संताप आला. त्याच रात्री काकींच्या हातची तांदळाची भाकरी खाताना ती घशाखाली उतरू नये, असं मला मनापासून वाटत होतं. उतरली, तीन उतरल्या, पण काकींच्या डोळ्यांत मात्र बघवलं नाही. "कॅमेऱ्याकडं बघू नको, जेव," काका हळूच म्हणाले.

प्रदर्शनाची जागा तुर्भ्याला मिळाली. रिकामा गाळा, प्रशस्त, उंच. तिथे आधी मिरची पूड भरली जात असे, हे आम्हाला पंखे लावल्यावर कळलं. काकांनी मांडव घातला. पांढऱ्या कापडाच्या, मागे बो बांधलेल्या चाळीस खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर एक जुना टीव्ही आणि प्रत्येक टीव्हीत एक कापलेला माणूस. सगळे स्टेजकडे तोंड करून. स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन लाल सिंहासनी खुर्च्या, रिकाम्या. बघणाऱ्याने स्टेजवर जायचं आणि चाळीस काढून टाकलेल्या पाहुण्यांसमोर उभं राहायचं, अशी कल्पना. मला कलेतलं फार कळत नाही, पण तिथे उभं राहिल्यावर माझे हात आपोआप जोडले गेले. कुणाची तरी आत्या हळद लावलेल्या गालांनी माझ्याकडे बघून इतकी हसत होती.

उद्घाटनाला मुंबईहून मॅडमची मंडळी आली आणि उरणकडून कापलेले स्वतः आले, कुटुंबासकट. त्यांनी आहेर आणले. ते कुणाला द्यायचे कळेना, म्हणून सिंहासनांवर ठेवले. "पंगत कधी बसनार?" अशी चौकशी सुरू झाली. ती साडीवाली मावशी आपल्या टीव्हीशेजारी खुर्ची ओढून बसली आणि येईल त्याला दाखवू लागली, "ही मी. बघा, साडी माजीच चांगली होती." पंख्यांमुळे मिरची उडत होती. सगळे शिंकत होते, डोळे पुसत होते. एका समीक्षकाने नंतर लिहिलं की प्रेक्षकांना अश्रू आवरले नाहीत. खोटं नव्हतं ते.

मोठा दादा उजवीकडून आला, धाकटा डावीकडून. एकमेकांना बघून दोघेही परत फिरले असते, पण दोघांच्या मध्ये काकी उभ्या होत्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. दोन्ही भाऊ एका छपराखाली बघून त्यांनी दोघांच्याही बाह्या धरल्या.

पुढच्या रांगेतल्या मधल्या टीव्हीवर गुलाबी फेटा बांधला होता. त्यात मोठा दादा मामाला भरवत होता. मामा तोंड फिरवी, हा पुन्हा घास पुढे करी. मग दोघे नाचत होते. मामाला नाचायचं नव्हतं, हा त्याला कमरेला धरून नाचवत होता. धाकटा बघत राहिला. मोठा तर टीव्हीच्या अगदी जवळ गेला.

"मी हितं हाय," तो म्हणाला. "मग तिथं का नव्हतो?"

काकांनी मांडवाबरोबर आणलेल्या डीजेचा माइक घेतला. दोन पानांचं भाषण लिहून जॅकेटच्या खिशात ठेवलं होतं, पण खिसे अनेक होते, सापडेना. शेवटी तसेच बोलले. "मेव्हनं, धाकट्यानं तुमाला नाय कापला. त्यानं मामाला कापाय सांगितला. तुमी मामाला सोडलाच नाय, मंग तुमीबी गेलात. मी कापला. मना तवाच कल्लं. भ्यालो, बोललो नाय. चूक माजी."

आणि त्यांनी शिंक दिली, माइकवरच.

मॅडमच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हाही कलाकृतीचा भाग. एकाने तर "पुन्हा" असं म्हटलं.

मोठा दादा धाकट्याकडे वळला. "तू फोन का नाय केलास रं?"

"तू का नाय केलास?"

पंखे फिरत होते. मग मोठ्याने टीव्हीवरचा फेटा उचलला आणि धाकट्याच्या डोक्यावर ठेवला, जरा जोरातच, चापट मारल्यासारखा. दोघे बाहेर चहाला गेले, ते परत आलेच नाहीत. तिथून थेट मोऱ्याला गेले.

काकी काकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "घरी या."

घरी पुढचे पंधरा दिवस त्या काकांशी बोलल्या नाहीत. निरोप माझ्यामार्फत जात. "त्यांना सांग, आमटीत मीठ कमी हाय ते मना म्हाईत हाय." काका वाळले. एन्ट्रीसुद्धा बघेनात. मी अंधारात चेहरा घेऊन आत आले तरी काही बोलत नसत. मला त्यांची दया येत होती आणि राग गेला नव्हता.

गॅलरीने उद्घाटनाचं चित्रण केलं होतं, त्याचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ करायचं काम माझ्याकडे आलं. ते कळल्यावर काकी माझ्या दिवाणावर येऊन बसल्या. त्यांना काय हवंय ते त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "काकी, खरंच?" त्या म्हणाल्या, "कर."

त्या वर्षी भाऊबीज सानपाड्याला झाली. दोन भाऊ, एक पाट. दुसरा पाट काकींनी मुद्दाम शेजाऱ्यांकडे देऊन टाकला होता. दोघे आखडून बसले, अर्धे अर्धे बाहेर, आणि काकींनी त्यांना एकदाच ओवाळलं. हात मात्र बराच वेळ फिरत राहिला. एकदाच जेवणं झाली. मग व्हिडिओ लावायचा ठरलं. काका इस्त्रीचा शर्ट आणि वरून जॅकेट घालून टीव्हीसमोर पहिले येऊन बसले.

मांडव दिसला. मावशी दिसली. किटल्या हलताना दिसल्या. मोठा दादा टीव्हीजवळ गेला, धाकटा डोळे पुसत होता. सगळे कुणाकडे तरी बघत होते, ऐकत होते, टाळ्या वाजवत होते. काका पुढे पुढे सरकत स्वतःला शोधत होते. दोन्ही डोळे उघडे. चाळीस मिनिटं संपली.

मग मोठा दादा हळू आवाजात म्हणाला, "बघा, असं वाटतं, पाव्हनं."

काकांनी मान खाली घातली. मग माझ्याकडे वळले. डोळे भरलेले, पण माणूस शेवटी कामाचाच. "जॉइंट कुठं दिसला नाय गो. चांगला कापलास मना."

मी रिमोट खाली ठेवला.

"तुकडा ठेवलास ना?"

"ठेवलाय."

"चिठ्ठी?"

मी आत जाऊन दिवाणातून पेन ड्राइव्ह आणला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी नेहमीसारखा डावा डोळा मिटला आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली. 'नवरा. बायकोच्या सांगण्यावरून. अकरा वर्षं. तात्पुरता.'

शेवटचा शब्द काकींनीच सांगितला होता.